मस्तानीची तीन गावे आणि कादंबरीचे बीज

शिरूर तालुक्यातील केंदूर म्हटले की बहुतेकांना संत कान्हूराज महाराजांचे नाव आठवते. या गावाचे आणखी एक नाते आहे, ते फारसे कुणी सांगत नाही. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला जी तीन गावे इनाम दिली ती म्हणजे केंदूर, पाबळ आणि लोणी. पाबळ हे केंदूरच्या शेजारचेच गाव. मस्तानीची कबर तिथेच आहे. सिनेमा आल्यापासून लांबून लोक ती पाहायला येतात, फोटो काढतात आणि जाताना एकच प्रश्न विचारतात, ‘हे सगळे खरेच असे घडले होते का?’

शाळेत मुले आम्हालाही हेच विचारतात. उत्तर देताना आम्हाला नेहमी वाटते की प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा. थोडेसे खरे हाती असताना त्यातून एवढी मोठी प्रेमकथा कशी उभी राहते? प्रेम आणि अद्भुत यांची कादंबरी लेखकाच्या मनात कुठून सुरू होते आणि कशी वाढते? हे समजले, तर आपल्या घरातल्या मुली-मुलांनी वहीत चोरून लिहिलेल्या गोष्टींकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू.

एका पानावर मावेल एवढा इतिहास

मस्तानीविषयी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल ते वहीच्या एका पानावर मावते. १७२९ साली मुहम्मद खान बंगशने बुंदेलखंडाच्या महाराजा छत्रसालांना जैतपूरला कोंडीत पकडले, तेव्हा बाजीराव त्यांच्या मदतीला धावून गेले. त्यानंतर मस्तानी पुण्यात आली. ती छत्रसालांची मुस्लिम पत्नीपासून झालेली मुलगी, असे पुष्कळ जण मानतात. ती दरबारातली कलावंतीण होती, असे म्हणणारेही आहेत. १७३४ साली तिला मुलगा झाला. तोच पुढे समशेर बहाद्दर या नावाने पेशव्यांच्या फौजेत लढला. १७६१ साली पानिपतावर तो जखमी झाला आणि त्यातच मरण पावला. बांद्याचे नवाब हे त्याचेच वंशज.

१७३९ च्या अखेरीस पेशव्यांच्या घरातला कलह विकोपाला गेला. मस्तानीला पुण्यात पहाऱ्यात ठेवले गेले. त्या पहाऱ्यातून निसटून तिने पाटस गाठले, कारण बाजीराव तेव्हा तिथे होते. आज पाटस दौंड तालुक्यात आहे. पुढे २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात पाबळला मस्तानीही गेली. ती कशी गेली, ते कोणताही भरवशाचा कागद सांगत नाही. अंगठीतला हिरा खाल्ला असे लोक सांगतात, कुणी विषाचे नाव घेतात, तर कुणी म्हणतात दुःखानेच तिचा जीव गेला.

संपले. तिचे वय, तिचा आवाज, तिला काय हवे होते, यातले काहीच कागदांत नाही. तिच्याविषयी इतरांनी लिहिले. तिने स्वतः काय म्हटले असेल, ते आपल्याला वाचायला मिळत नाही.

कादंबरीची सुरुवात नेमकी इथून होते. कागद जिथे बोलतो तिथे इतिहासकाराचे काम असते. कागद गप्प होतो तिथे कादंबरीकार कान लावून बसतो.

बीज निवडणे

ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली. २०१५ चा हिंदी सिनेमा तिच्यावरच आधारलेला. पण इनामदारांच्या बाकीच्या कादंबऱ्या पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. ‘झेप’ त्रिंबकजी डेंगळ्यांवर आहे, ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावावर, ‘शहेनशहा’ औरंगजेबावर. ही सगळी अशी माणसे की ज्यांच्या कपाळावर इतिहासाने एकेक शिक्का मारून ठेवला आहे. कारस्थानी, पळपुटा, क्रूर. लेखक त्या शिक्क्याखाली माणूस कसा होता, ते शोधायला निघतो. मस्तानीच्या कपाळावरही ‘नाचणारी’ हा शिक्का होताच.

म्हणजे बीज हे नुसत्या घटनेत नसते. ‘सगळे याला असे म्हणतात, पण तो तसाच होता का?’ या खटकण्यात ते असते. कादंबरीचे नावही पाहा. ‘पेशवा’ नाही, ‘बाजीराव’ नाही, ‘राऊ’. हे जवळच्या माणसाने घ्यायचे नाव. गोष्ट दरबारातून सांगायची की घराच्या आतून, याचा निर्णय त्या दोन अक्षरांतच झाला आहे.

आता मस्तानीविषयीची सर्वांना ठाऊक असलेली एक गोष्ट घ्या. ती इतकी नाजूक आणि गोरी होती म्हणे, की पान खाल्ले तर गळ्यातून उतरणारा लाल रस बाहेरून दिसे. आपल्या आजीनेही हे सांगितले असेल. पण मस्तानीच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, १५४० च्या सुमारास, मलिक मुहम्मद जायसी यांनी ‘पद्मावत’ मध्ये पद्मावतीच्या गळ्याविषयी हीच कल्पना मांडली होती. म्हणजे हे वर्णन एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत प्रवास करत आले आणि पाबळच्या कबरीपाशी येऊन थांबले. खऱ्या बाईभोवती हळूहळू अद्भुताचे जाळे कसे विणले जाते, त्याचा हा चांगला नमुना आहे.

मराठीत अद्भुत का आले?

मराठी कादंबरीचे बालपण अशा अद्भुतातच गेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्याच काळात कृष्णशास्त्री चिपळूणकर ‘अलिफ लैला’ मराठीत आणत होते. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने ते पुस्तक पुढे कितीतरी मराठी घरांत वाचले गेले.

रिसबुडांनी आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत मोठी प्रामाणिक अडचण मांडली आहे. तिचा मथितार्थ असा, की आपल्याकडच्या लग्नाच्या रीती आणि एकूण जगणे असे आहे, की रोजच्या आयुष्यातून मनोरंजक कादंबरी लिहायची म्हटली तर सामग्रीच सापडत नाही. मुलामुलींची लग्ने लहानपणीच होत. एकमेकांना पाहणे, पसंत करणे, वाट पाहणे याला जागाच नव्हती. म्हणून लेखकाने राजकन्या, दूरचे देश आणि चमत्कार यांचा आधार घेतला. प्रत्यक्षात जे बोलता येत नव्हते, ते परीच्या तोंडून बोलून घेतले.

आम्हाला हे कारण दीडशे वर्षांनंतरही जुने वाटत नाही. आजही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मनातले सरळ लिहू शकत नाही. मग ती जादूचा किल्ला बांधते आणि त्यात राजकन्या बसवते. तिला किल्ल्याची हौस असते असे नाही. आडोसा हवा असतो.

दख्खनी बाग आणि पक्षी झालेली मुलगी

आपल्या घरांतल्या भाषेशी जवळचे नाते असलेली दख्खनी तर अशा कथांची खाणच आहे. विजापूरचे कवी नुसरती यांनी १६५७ च्या सुमारास ‘गुलशन-ए-इश्क’ ही दीर्घ मसनवी लिहिली. गोष्ट मनोहर आणि मधुमालतीची. ती नुसरतींनी स्वतः रचलेली नव्हती. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मंझन या सूफी कवींनी अवधीत ‘मधुमालती’ लिहिली होती. म्हणजे जुने बीज नव्या मातीत रुजले.

त्या कथेत झोपलेल्या राजपुत्राला पऱ्या उचलून राजकन्येच्या महालात नेतात. दोघे जागे होतात, बोलतात, अंगठ्या बदलतात. सकाळी तो पुन्हा आपल्या घरी असतो. पुढे मधुमालतीच्या आईला हे प्रेम कळते. ती संतापाने मंत्र टाकते आणि मुलीचा पक्षी होतो. मुलगी उडून जाते. मग आई रडते. दुसरा एक राजपुत्र त्या पक्ष्याला पकडतो, त्याची कहाणी ऐकतो आणि स्वतःचा विचार न करता त्याला आईकडे परत आणून देतो. तेव्हा कुठे मुलीला पुन्हा माणसाचे रूप मिळते.

परी आणि मंत्र बाजूला ठेवून पाहा. रागाच्या भरात घरच्यांनी मुलीची वाचाच काढून घेतली आणि ती हातातून निसटली. ही गोष्ट कोणत्या मोहल्ल्यातली नाही? चांगल्या कथेतली जादू नेहमी अशी असते. वरून ती अशक्य वाटते, आतून ती आपल्या ओळखीची असते.

टिपणापासून गोष्टीपर्यंत

सुचलेल्या दोन ओळींची गोष्ट कशी होते, याचा फार थोड्या वेळा लेखी पुरावा मिळतो. ‘अलिबाबा आणि चाळीस चोर’ या कथेच्या बाबतीत तो मिळाला आहे. ‘अलिफ लैला’ फ्रेंचमध्ये आणणारे आंत्वान गालां यांना १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाचा सीरियन तरुण भेटला. तो हलब म्हणजे अलेप्पो शहराचा. त्याने गालां यांना बऱ्याच गोष्टी तोंडी सांगितल्या. अल्लाउद्दीन आणि अलिबाबा या त्यांतल्याच. गालां यांनी अलिबाबाच्या कथेचे टिपण रोजनिशीत करून ठेवले. पुढे ते विस्तारून त्यांनी जी कथा लिहिली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १७१७ साली छापली गेली. छापील कथा टिपणाच्या अनेक पटींनी मोठी आहे.

त्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. रोजनिशीतल्या टिपणाला दिलेले नाव अलिबाबाचे नाही, मर्जानाच्या हुशारीचे आहे. दारावरची खूण ओळखून शेजारच्या दारांवर तशाच खुणा करणारी, चोरांचा डाव त्यांच्यावरच उलटवणारी ती दासी. बीज तिचे होते, पुस्तकावर नाव मालकाचे आले. गोष्ट वाढवताना आपण कुणाला मागे सारतो, याचे भान लेखकाने ठेवायला हवे.

दुसरा धडा अल्लाउद्दीनच्या कथेतला. तिथे दोन जिन आहेत, एक अंगठीचा आणि एक दिव्याचा. महाल गायब होतो तेव्हा अल्लाउद्दीन अंगठीच्या जिनला तो परत आणायला सांगतो. जिन म्हणतो, ते माझ्या ताकदीतले नाही, ते दिव्याच्या जिनचे काम. मी फार तर तुला तिथे पोहोचवू शकतो. हा छोटासा नकार नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. जादूला मर्यादा असली तरच पुढे काय होईल याची उत्सुकता राहते. सगळेच शक्य असेल तर वाचक पुस्तक मिटून चहा टाकायला उठतो.

केंदूरच्या मातीत एक गोष्ट

आता समजा केंदूरच्या एखाद्या मुलीला मस्तानीवरून प्रेमाची अद्भुत कादंबरी सुचली. तिने कसे जावे? आम्ही वर्गात सांगतो ते इथे मांडतो.

पहिला निर्णय नावाचा. खरे नाव ठेवायचे असेल तर मर्यादाही पाळायच्या. जे घडल्याचा आधार नाही ते खऱ्या माणसांच्या नावावर खपवायचे नाही. सिनेमात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या, तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली होती. त्या प्रसंगाला कागदांचा आधार नाही, हे खरेच होते. मोकळेपणाने कल्पना लढवायची असेल तर नाव बदलावे, गाव बदलावे आणि मग मनसोक्त उडावे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. दोन्हींवर एकाच वेळी चालता येत नाही.

समजा तिने नाव बदलले. गढीत कोंडलेली एक मुलगी आहे. रात्री ती घार होऊन उडते. ही झाली सुचलेली ओळ. मग प्रश्न विचारायचे. ती उडून कुठे जाते? कुणाला भेटायला? पहाटेपर्यंत परतली नाही तर काय होईल? पुन्हा माणूस होण्यासाठी तिला काय करावे लागते?

इथे आपला मुलूख मदतीला येतो. समजा नियम असा केला, की घारीला वाहत्या पाण्यात आपले प्रतिबिंब दिसले तरच ती पुन्हा माणूस होते. आणि आपला भाग तर असा, की उन्हाळ्यात ओढे-नाले कोरडे पडतात, टँकरची वाट पाहावी लागते. बघा, एका क्षणात गोष्टीला धोका आला. ज्येष्ठातली रात्र, नदीत वाळू, पूर्व उजळायला लागली आणि घार पाणी शोधत फिरते आहे. तिच्यावर प्रेम करणारा मुलगा तलवार घेऊन लढणारा नको. बाजरीच्या शेतात विहीर खोदणारा असू दे. त्याला पाणी लागते का, यावर सगळी कथा तोलली जाईल. परदेशी कादंबरीतला बर्फाचा डोंगर इथे आणण्याची गरजच राहत नाही.

मग शेवट. तो आधी ठरवून ठेवावा, पण मुलीला आधी विचारावे. म्हणजे कथेतल्या मुलीला. तिला माणूस व्हायचे आहे की घारच राहायचे आहे? तिची इच्छा काय हे ज्या लेखकाला ठाऊक नाही, त्याची नायिका बाहुलीच राहते.

यानंतर खरी मेहनत. रोज एक पान. वाचून दाखवणे. कंटाळा येतो तिथे खूण करणे. पुन्हा लिहिणे.

वही सापडली तर

आता घरातल्या मोठ्यांशी थोडे बोलायचे आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने नववीत असताना अशीच कथा लिहायला घेतली होती. चाळीसेक पाने झाली होती. एक दिवस वही घरच्यांच्या हाती लागली. पहिला प्रश्न आला, ‘हा मुलगा कोण?’ तो मुलगा समुद्राच्या तळाशी राहणारा, अर्धा माणूस अर्धा मासा होता. पण उत्तर ऐकून घ्यायला कुणी थांबले नाही. वही चुलीत गेली. त्यानंतर ती मुलगी निबंधसुद्धा मोजून दहा ओळींचा लिहू लागली. तिला चांगले गुण मिळाले. तिची भाषा मात्र त्या दिवशीच संपली.

हा प्रकार नवा नाही. डिप्टी नजीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’ या उर्दू कादंबरीत सुधारलेला बाप, नसूह, आपल्या थोरल्या मुलाची किस्से-कहाण्यांची पुस्तके जाळतो. मुलगा, कलीम, त्याने सुधारत नाही, घरापासून तुटतो. गंमत अशी, की याच नजीर अहमदांनी आपल्या मुलीला वाचायला योग्य पुस्तक नाही म्हणून ‘मिरातुल उरूस’ लिहायला घेतले होते. थोडे थोडे लिहायचे, तिला द्यायचे, ती पुढचे मागायची. १८६९ साली ते छापले गेले आणि घरोघरी पोहोचले. एकाच लेखकाने दोन्ही बाप आपल्यापुढे ठेवले आहेत, एक जाळणारा आणि एक लिहून देणारा. कोणत्या बापाचे पुस्तक मुलींनी उशाशी ठेवले, हे वेगळे सांगायला नको.

पालकांची काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. मोबाईलवर आज प्रेमकथांचा पूर आहे. त्यांतल्या कित्येकांत मुलीचा पाठलाग करणारा, धमकावणारा मुलगाच शेवटी नायक ठरतो. त्याची चिंता जरूर करावी. पण त्यावर उपाय वही जाळणे हा नाही. मुलीबरोबर बसून दोन-तीन गोष्टी बोलाव्यात. या कथेतली मुलगी ‘नाही’ म्हणाली तर तो ऐकतो का? तिला तिची आवड, तिचे काम, तिची मैत्रीण आहे का? तिच्या निर्णयाने काही बदलते का? असे बोलणे झाले की मुलगी कथेतले आणि आयुष्यातलेही चांगले-वाईट ओळखायला लागते. हया म्हणजे मुकेपणा नव्हे.

सुट्टीत मुलांना पाबळला घेऊन जा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष जोडून उभे केले आहेत, तेही दाखवा. घरी आल्यावर एका पानावर खात्रीचे तेवढे लिहून घ्या, दुसऱ्या पानावर लोक सांगतात ते. दोन्ही पानांमधली रिकामी जागा किती मोठी आहे, ते मुलांना आपोआप दिसेल. दादी-नानींना परीच्या, जिनच्या गोष्टी विचारा. त्या गेल्या की गोष्टीही जातील.

आणि कपाटात, गादीखाली एखादी वही सापडली, पहिल्या पानावर राजकन्या असली, तर ‘हा मुलगा कोण?’ असे विचारू नका. वही तिच्या हातात परत द्या आणि विचारा, ‘पुढे काय होतं?’